जळलेल्या उताराची क्षमा

दादा,

तुला मातीत ठेवून आज अठरा दिवस झाले. त्या दिवशी कबरीपाशी जमलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला एकच गोष्ट सांगितली. डोंगरात देवाची क्षमा कशी बघायची, हे तुमच्या भावानं आम्हाला शिकवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेतही तेच म्हटलं. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई माझा हात धरून खूप रडल्या. त्यांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता, तेव्हा तुझं उपासनेतलं नेच्यावरचं मनन ऐकून त्यांनी त्याला फोन केला होता म्हणे. मी सगळ्यांना मान हलवून उत्तर देत होते. दात इतके आवळून धरले होते की घरी आल्यावर जबडा दुखत होता.

लोकांना वाटलं, बहीण दुःख आवरते आहे. मी राग आवरत होते. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. तू लहानपणीही असाच होतास. वाद हरायला लागला की चप्पल घालून बाहेर पडायचास.

पण आधी दुसरं सांगते, कारण तेही खरं आहे. माझे हे गेले त्याच वर्षी तू रेल्वेतून रिटायर झालास आणि आपली ट्रंक घेऊन तुंगार्लीला माझ्याकडे राहायला आलास. तीस वर्षं तू घाटातल्या रुळांची देखभाल केलीस, दरडी उपसल्यास. मला वाटलं होतं, आता तू डोंगराचं तोंडही बघणार नाहीस. आल्यापासून पंधरा दिवसांतच तू मला घराबाहेर काढलंस. मी तेव्हा शाळेतून यायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. स्वयंपाकही करत नव्हते. तू एक दिवस तळ्याच्या वरच्या कातळावर घेऊन गेलास. तिथं शेवाळ वाळून काळं पडलं होतं, नखानं खरवडलं तर भुगा होईल असं. तू बाटलीतलं पाणी त्याच्यावर शिंपडलंस आणि म्हणालास, थोडा वेळ बस. आपण बसलो. माझ्या डोळ्यांदेखत ते फुगलं, उलगडलं, हिरवं झालं. तू काही उपदेश केला नाहीस. त्याबद्दल मी तुझी आजही ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी मी कणीक भिजवली.

त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की आपण चालायला जायचो. मंडळीत तू पाच मिनिटांचं मनन सांगायला लागलास तेही त्याच सुमारास. तेव्हाची तुझी मननं मला फार आवडायची. त्यात क्षमेचं नावही नसायचं. तू फक्त सांगायचास की अमक्या दगडाखाली असं असं बघितलं, आणि देवाचे आभार मानून खाली बसायचास.

वडिलांच्या वाट्याची पाऊण एकर जमीन तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला पडीक होती. तिथं तू झाडं लावायला घेतलीस. गावातल्या लोकांच्या तोंडात शमुवेल बसेना, त्यांनी तुझा शामभाऊ केला. आणि तिथंच तुला भिवा भेटला. कातकरी वस्तीवरचा भिवा, डोंगरातली मोहोळं काढणारा. मंडळीला वाटायचं तू पुस्तकं वाचून बोलतोस. मला माहीत होतं, तुझी निम्मी मननं भिवाची होती. कुठली मुंगी कुठल्या झाडावर घर करते, कुठल्या कपारीत पाणी उन्हाळाभर टिकतं, हे त्यानं तुला हाताला धरून दाखवलं होतं. एकदा तू त्याला आपल्या घरी जेवायला आणलंस. तो पाटावर बसेना, मी आग्रह केला तेव्हा अगदी कडेला टेकला. जाताना मला म्हणाला, शामभाऊंना सगळं दावलंय म्या, आता त्येच मला दावत्यात.

मग तो मार्च. तुझ्या जमिनीतला पाचोळा गोळा करून तू बांधाला पेटवलास. ऊन होतं, वारा नव्हता. जळून झाल्यावर दोन बादल्या पाणी ओतलंस, डबा खाल्लास आणि कामशेतची एसटी धरलीस. पवनानगरच्या थोडं पुढं तू खिडकीतून मागं पाहिलंस. उतारावरून धूर चढत होता.

तू घरी आलास तेव्हा दिवेलागण झाली होती. भुवयांवर राख होती. तू चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास आणि सगळं एका दमात सांगितलंस. शेवटी म्हणालास,

"मी उतरलो नाही, शालू. बस थांबवता आली असती. मी उतरलो नाही."

पेटवल्याबद्दल तू स्वतःला इतका दोष देत नव्हतास. वारा पडलेला असताना कोणीही पाचोळा पेटवतो. ते खिडकीतून बघून परत समोर बघणं, ते तुला खात होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की आग उतार चढून पलीकडच्या अंगाला उतरली आणि गावातल्या सदाशिव आबांचा गोठा जळाला. आबा पोचेपर्यंत आतली गाय आणि पाडी दोन्ही गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं की आग भिवानं लावली असं गावानं ठरवलं आहे. त्या दुपारी तो मोहोळ काढायला वर गेला होता, गवत पेटवून त्यानं धूर केला होता आणि तो दोघांनी बघितला होता. त्याला पारावर उभं केलं. आबांनी त्याच्या बायकोसमोर, कमळसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणत राहिला की माझा धूर दगडावर होता, मी विझवून उतरलो. कोणी ऐकलं नाही.

तू तेव्हा लगेच निघाला होतास. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्यासमोरही नीट कबूल केलेलं नाही. तू पिशवी खांद्याला लावली होतीस. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, लोक तापलेत, आत्ता गेलास तर तुला जिवंत सोडणार नाहीत, दोन दिवस जाऊ दे. खरं कारण वेगळं होतं. हे जाऊन वर्ष झालं नव्हतं. मला तुला गमवायचं नव्हतं. तू पिशवी खाली ठेवलीस. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. तोपर्यंत वस्तीवरून बातमी आली की भिवाला गावात कोणी कामाला बोलवेना, म्हणून तो कमळला घेऊन वीटभट्टीवर गेला. तू म्हणालास, आता कोणाला सांगू? आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तुझी मननं बदलली. गवत, नेचे, तुटलेल्या फांदीतून फुटलेला कोंब, दरडीच्या मातीवर उगवलेली रानकेळ, सगळ्यात तुला क्षमाच दिसायला लागली. लोक भारावून ऐकायचे. तू फार चांगलं बोलायचास, दादा, त्यात शंका नाही. तुझा आवाज कापायचा आणि तो खराच कापत असे. मी दुसऱ्या बाकावर बसून मांडीवरच्या पदराची घडी घालायचे आणि मोडायचे.

पाच वर्षांपूर्वी आपल्यासमोरच्या बंगल्यात नवा माळी आला. मी फाटकातून बघितलं आणि ओळखलं. भिवा वाळला होता. डावा कान त्याला कमी ऐकू येत होता, बोलताना तो उजवी बाजू पुढं करायचा. तो कान कशानं गेला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं. तो मात्र मला बघून मनापासून हसला. रोज सकाळी पाइप हातात धरून म्हणायचा, राम राम बाई, भाऊ बरं हायती ना? मी बरे आहेत म्हणायचे आणि दूध घेऊन आत यायचे. तू फिरायला जायचा रस्ता बदललास. समोरच्या फाटकावरून जावं लागू नये म्हणून गुडघे दुखत असताना मागच्या चढानं जायला लागलास. आपण दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तो विषय नसलेलं बोलणं शोधत आपण पाच वर्षं एका घरात जेवलो.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते ती कारवी फुलली. तू तिकोण्याला जाऊन आलास आणि पुढच्या रविवारी तुझं ते सगळ्यांत गाजलेलं मनन सांगितलंस. जळलेला उतार. एका माणसाच्या चुकीनं काळा झालेला डोंगर. आणि आता त्याच उतारावर निळी-जांभळी कारवी, तिच्यावर परत आलेल्या मधमाश्या. देवानं त्या माणसाला उत्तर पाठवलं आहे, असं तू म्हणालास. त्या माणसाचं नाव तू घेतलं नाहीस. खालच्या बाकांवर माणसं डोळे पुसत होती.

घरी आल्यावर मी ताटं वाढली आणि म्हटलं की हे मला सहन होत नाही. तू विचारलंस, काय? मी म्हटलं, तू डोंगराकडून माफी घेऊन येतोस, ते. तू शांतपणे समजवायला लागलास की निसर्ग हा देवाचा हात आहे, तो आपल्याला ज्या भाषेत बोलतो ती ऐकावी. तो उतार पुन्हा फुलला यातच मला माफी मिळाली, असं तू म्हणालास.

"तू जाळला नसतास तरी तो फुललाच असता," मी म्हटलं. "कारवीला माहीतही नाही कोणी जाळलं. ज्याला काही माहीतच नाही, त्याची कसली रे क्षमा?"

"देवाला माहीत आहे."

"मग त्याला विचार, भिवाकडे कधी जाऊ. रस्ता ओलांडायचा आहे फक्त."

तुझा घास हातातच राहिला. मग तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. तू म्हणालास, "थांब म्हणाली होतीस, ती तू."

तू ताट सारून उठलास. पुढचे तीन महिने आपण औषधं, दूध आणि लाइट बिल एवढंच बोललो. मंडळीत मात्र शेजारी बसून गायचो. तुझा खालचा सूर आणि माझा वरचा. ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं.

तू म्हणालास ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. पण माझं थांब दोन दिवसांचं होतं, तुझं बारा वर्षांचं झालं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस, याच्यावर मी अठरा दिवस विचार करते आहे. कधी वाटतं मी जिंकले असते. कधी वाटतं तू म्हणाला असतास की शालू, त्या बारा वर्षांत तुलाही दोन पाय होते.

या हिवाळ्यात तुझा दम वाढला. डॉक्टरांनी हृदय थकलं आहे म्हणून सांगितलं आणि चढ बंद केले. चढ बंद म्हणजे मागचा रस्ता बंद. डिसेंबरात एका सकाळी तू स्वेटर घातलास, काठी घेतलीस आणि पुढच्या दारानं निघालास. मी खिडकीतून बघत होते. तू रस्ता ओलांडलास. भिवा वाफ्यात बसला होता, तुला बघून उठला, हात धोतराला पुसले. तू बोलायला लागलास. तो उजवा कान तुझ्या तोंडाशी आणून ऐकत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते. मी खिडकीचा गज धरून उभी होते. तो तुला मारेल असं मला वाटत होतं. एका क्षणी मला वाटलं, मारावं त्यानं.

तू परत आलास आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसलास. मी पाणी दिलं. तू सांगितलंस की तू सगळं सांगितलंस, बस, खिडकी, धूर, सगळं. भिवा मधे एकदाही बोलला नाही. तुझं संपल्यावर तो म्हणाला,

"म्या लावली न्हाई, ह्ये मला ठावंच हाय, भाऊ. ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांगा."

आणि तो पुन्हा वाफ्यात बसला. तू तिथं थोडा वेळ उभा राहिलास. त्यानं वर बघितलं नाही.

तू पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होतास. म्हणालास, "डोंगर मला कधी असं बोलला नाही, शालू." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी ठेवला असेन. त्या दिवशी आपण जेवलोही एकत्र.

गावात जायचं ठरलं. सोमवार ठरला. सोमवारी तुला खोकला झाला. पुढच्या गुरुवारी पाळकसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं, ते टाळता आलं असतं, आपण टाळलं नाही. तिसऱ्या वेळी तू सकाळी बुटात पाय घालायला वाकलास आणि उठूच शकला नाहीस. तिथून हॉस्पिटल.

आता जे लिहिते आहे ते लिहिण्याआधी मी तीनदा पेन खाली ठेवलं. तुला ऑक्सिजन लावला होता. नर्स गेली होती. मी स्टुलावर बसले होते, थकले होते, घाबरले होते, आणि मी तुला म्हटलं, "सुटलास ना? आता जावं लागणार नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मग हात उचललास. पाणी मागत होतास की मला जवळ बोलावत होतास, मला कळलं नाही. मी चमच्यानं पाणी दिलं. तू ते प्यायलास आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहा प्यायला गेले असताना तू गेलास.

घरी मी रोज प्रार्थनेत तुझी क्षमा मागते आणि उठताना हलकं वाटतं. पहिल्या आठवड्यात ते मला बरंही वाटलं. मग एक दिवस कपडे वाळत घालताना लक्षात आलं की मी तेच करते आहे जे तू करत होतास. तू उतारावर जायचास, मी तुझ्या फोटोसमोर बसते. तूही आता मला नाही म्हणू शकत नाहीस. त्या दिवशी मी ओले कपडे बादलीतच ठेवले आणि रस्ता ओलांडून भिवाकडे गेले.

मी त्याला सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो पाइप धरून उभा होता. पाणी एकाच जागी पडत राहिलं, मातीत खड्डा पडला.

"तुमीबी?" तो म्हणाला. मग, "पाच वरसं राम राम घातला म्या तुमाला."

मी तुला थांबवलं होतं, हेही सांगितलं. कारणं सांगितली नाहीत. ती माझी होती, त्याला त्यांचा काय उपयोग? त्यानं नळ बंद केला, पाइप गुंडाळून ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, कवा जायचं?

काल गेलो. लोकलनं कामशेत, तिथून एसटी. भिवानं पांढरा सदरा घातला होता. कमळही आली. तिला नको म्हणत होता तो, पण ती म्हणाली, मारलं तवा मी व्हते, आताबी येनार. पवनानगर आलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघू शकले नाही.

सदाशिव आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओट्यावर बसले होते. सूनबाईंनी मला ओळखलं, शामभाऊंची बहीण म्हणून वर बसवलं, तुझ्याबद्दल हळहळल्या. भिवा आणि कमळ अंगणात उभे राहिले. शेजारपाजारचे पाचसहा जण जमले. मी उठून उभी राहिले, कारण बसून मला ते सांगता आलं नसतं. आग माझ्या भावानं लावली, तो पळाला, मला माहीत होतं, मी त्याला येऊ दिलं नाही, भिवाचा काही दोष नव्हता. एवढंच. पाच वाक्यं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

आबांनी दोनदा विचारलं, शामभाऊनं? मी व्हय म्हटलं, त्यांच्यासारखंच. मग त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"गाय गेली म्हून बसाया आलता त्यो हितं. ह्याच वट्यावर. च्या पिऊन गेला."

हे मला माहीत नव्हतं, दादा. हे तू मलाही सांगितलं नव्हतंस. मी तिथं उभी राहून ते ऐकलं आणि माझ्याकडे तुझ्या बाजूनं बोलायला काहीही नव्हतं. आबा बोलत राहिले, आता मेल्यावर सांगायला आलात का, इतकी वर्षं आमच्या तोंडाला काळं फासून ठेवलंत. मी ऐकून घेतलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. एक तरुण पुढं येऊन म्हणाला, जाऊ द्या आबा, मेलेल्या माणसाचं काय काढायचं.

"मेलेल्याचं ऱ्हाऊ द्या," भिवा म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "माजं काय?"

कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती, तेवढा आवाज. आबा भिवाकडे बघत होते. मग ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागले, उलटा करून, सुलटा करून, जणू तो दुसऱ्याचा आहे. म्हणाले, वर ये भिवा. भिवा म्हणाला, हितंच बरा हाय. सूनबाईंनी पुन्हा म्हटलं, ये की. तो हलला नाही.

मग आबा उठले. सुनेनं धरायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला केला. ओट्याला तीन पायऱ्या आहेत. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, काठीवर भार देत ते खाली उतरले. त्याला किती वेळ लागला कोण जाणे. उतरून ते भिवाच्या समोर उभे राहिले. भिवापेक्षा ते बुटके झाले आहेत आता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"चुकलं," म्हणाले.

भिवानं उजवा कान पुढं केला होता. त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

"व्हय," म्हणाला.

एवढंच झालं. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, गळ्यात पडलं नाही. कमळनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं सूनबाईंनी पाणी आणलं, आधी भिवाला दिलं, तो प्यायला. मग आम्ही निघालो.

परतीच्या एसटीची वाट बघत थांब्यावर उभे असताना समोर तो उतार दिसत होता. सध्या वाळलेलं गवत आहे त्याच्यावर, पिवळं. मी खूप वेळ त्याच्याकडे बघितलं आणि तुझ्याशी भांडले नाही. तुझ्या मननांत खोटं काही नव्हतं, असं मला आता वाटतं. त्या उतारावर देव तुझ्याशी बोलत असेलही. त्यानं तुला माफ केलंही असेल, कदाचित तू बसमधून घरी पोचायच्या आधीच. पण ज्या भावाचं आपण वाईट केलं त्याच्याकडे आधी जायचं, हे आपल्याला आईनं प्रार्थनेला बसायला शिकवलं तेव्हापासूनच सांगितलं होतं. तो हिरवेपणा तुला रस्ता ओलांडायला बळ देण्यासाठी पाठवला असेल. तू त्याच्यातच घर करून राहिलास. मी तुला दारातून आत ढकललं होतं, म्हणून तुला हे म्हणायचा मला अर्धाच अधिकार आहे.

पाळकसाहेबांनी येत्या रविवारी तुझ्या आठवणीत तुझं कारवीचं मनन वाचायला सांगितलंय. मी वाचणार आहे. ते सुंदर आहे. आणि ते संपलं की त्याच्या पुढचं, कालपर्यंतचं, मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. मंडळीतल्या काहींना ते आवडणार नाही. तुलाही आवडलं नसतं. मग तू रात्रभर तळमळून सकाळी मला म्हणाला असतास की बरं केलंस. निदान मी तशी समजूत करून घेतली आहे.

एसटीत कमळला झोप लागली होती, तिचं डोकं खिडकीला आपटत होतं म्हणून भिवानं मधे आपला हात धरला होता. मी धीर करून त्याला विचारलं, शामभाऊंना माफ केलंस का. माझं मी विचारलं नाही, तेवढं तोंड मला नव्हतं. तो समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत राहिला.

"ते माजं मलाच अजून ठाव न्हाई, बाई," तो म्हणाला. "झालं म्हंजी सांगन."

म्हणजे तुझी क्षमा आता एका जित्या माणसाच्या हातात आहे, दादा. त्याला सगळं माहीत आहे, आणि तो नाही म्हणू शकतो. कदाचित म्हणेलही. पण मागायची राहिली होती, ती मागून झाली आहे.

तुझी,
शालू